उपवनला मारवा ऐकताना

आज लवकर सुटले, तर ठाण्यातल्या उपवन तलावाच्या कट्ट्यावर बसून कानात सारंगीवरचा मारवा राग लावला. येऊरच्या डोंगरावर ढग उतरलेले, पाणी काळपट. जोरात काहीच वाजत नव्हतं, तरी अंगावर काटा आला.

मारव्यात पंचम (प) वर्ज्य, म्हणजे लागतच नाही; रिषभ (रे) कोमल, म्हणजे जरा उतरलेला; मध्यम (म) तीव्र, म्हणजे जरा चढलेला. आणि ज्या षड्जावर, म्हणजे 'सा'वर, कान विसावायचा, तोच सूर कलाकार मुद्दाम टाळत राहतो. घर समोर दिसतंय पण दार सापडत नाही, तसं होतं. सारंगीचा गज कोमल रिषभावर रेंगाळला, अगदी बारीक, आणि शेजारच्या भेळवाल्याचं बोलणंही मला परकं वाटू लागलं.

भयपटांत एवढा दणदणाट का करतात, खरंच कळत नाही. मला त्या न आलेल्या 'सा'चीच जास्त धास्ती वाटते.

सूर्यास्ताच्या वेळी, एकटं बसून ऐका. आणि सुरुवातीचा संथ आलाप पुढे ढकलून गाळू नका, प्लीज.