नाव बदललं की

कोपऱ्यावरच्या हॉटेलाची पाटी परवा दुपारी पुन्हा बदलली. मालक तोच, भजी तीच, तेलही बहुधा तेच. अंकशास्त्रवाल्याने म्हणे नावात एक जादा काना घालायला सांगितला. अशी पाटी दिसली की मला हमखास कुमासी आठवतं.

कुमासी म्हणजे घानातलं, असांते राजांचं शहर. तिथला क्वासी कुमा नावाचा एक तरुण राजधानी अक्रात एका इंग्रज साहेबाची गाडी चालवायचा. अक्रातला फुटबॉल पाहून त्याच्या मनाने घेतलं, आपल्याही गावाचा संघ हवा. १९२६ मध्ये संघ निघाला, नाव ‘रेनबो’. यश काही येईना, म्हणून ‘अशांती युनायटेड’ (अशांती म्हणजे असांतेच, इंग्रजी वळणाचं). तरी नाहीच, म्हणून १९३१ मध्ये ‘कुमासी टायटॅनिक्स’! जहाज बुडून एकोणीस वर्षं झाली होती, आणि यांना नशीब पालटायला नेमकं हेच नाव सुचावं? मग ‘मायटी ॲटम्स’. आमच्या वाड्यातही हरलो की बॅट ठेवायच्या आधी संघाचं नवं बारसं व्हायचं. ‘विजयी वीर’ तर पहिल्याच सामन्यात जेवणाच्या वेळेआधी गारद झाले. त्यामुळे ही मंडळी मला अगदी आपल्यातली वाटतात.

शेवटी १९३५ मध्ये राजाच्या परवानगीने नाव ठरलं ‘असांते कोटोको’. कोटोको म्हणजे साळिंदर, असांते राज्याचं चिन्ह. घोषणाही साळिंदराच्या काट्यांवरूनच: हजार मारा, आणखी हजार येतील.

हे नाव टिकलं. पण फळायला वेळ लागलाच. १९६७ च्या आफ्रिकन क्लब चषकाच्या अंतिम फेरीत काँगोच्या एंगलबेअर संघाशी दोनदा बरोबरी झाली आणि तिसऱ्या सामन्याला कोटोको पोचलेच नाहीत. निरोपच मिळाला नाही, असं त्यांचं म्हणणं. (हे तर थेट आमच्या वाड्यातलं.) १९७० च्या स्पर्धेत पुन्हा तोच प्रतिस्पर्धी. कुमासीत १-१, मग किन्शासात जाऊन २-१ ने चषक जिंकला. गोलात टोपीवाला रॉबर्ट मेन्सा. पुढे १९७१ मध्ये घानातल्याच टेमा शहरातल्या एका बारमध्ये झालेल्या भांडणात त्याला भोसकलं, त्यात तो गेला. १९८३ मध्ये कैरोच्या अल अहलीला कुमासीत १-० ने हरवून दुसरा चषक आला, गोल ओपोकू न्टीचा.

नावाचा महिमा म्हणावा, तर अक्राचा हार्ट्स ऑफ ओक हा त्यांचा हाडवैरी १९११ पासून एकाच नावावर खुशाल खेळतोय, आणि २००० मध्ये आफ्रिकेचा चषक त्यालाही मिळाला. मग काय बोलणार!

९ मे २००१ ला हे दोघे अक्रात भिडले. कोटोको १-२ ने मागे पडले. त्यांच्या चिडलेल्या पाठीराख्यांनी खुर्च्या उखडून फेकल्या, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, आणि बाहेर पडायचे दरवाजे बंद होते. १२६ माणसं चेंगरून, गुदमरून गेली.

कोटोकोचे लोक अजूनही तीच घोषणा देतात. द्यावी लागत असेल.