पंधरा जणांची एक तारीख

भिलारला, म्हणजे पुस्तकांच्या गावाला, पोचणं अवघड नाही. पुण्याहून सुरूर फाटा, वाई, पसरणी घाट, पाचगणी, आणि पुढे महाबळेश्वरच्या वाटेवर थोडं गेलं की आलंच. अडीच-तीन तास. पण शाळेतल्या जुन्या पंधरा मित्र-मैत्रिणींना एका दिवशी तिथे न्यायचं म्हणून तारीख ठरवायला साडेतीन महिने गेले, आणि त्याची चिडचिड माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही.

पहिली चूक व्हॉट्सअॅपच्या पोलची. आठ तारखा टाकल्या, एकापेक्षा जास्त उत्तरांची मुभा ठेवली. सहा जणांनी आठही तारखांवर टिक केलं, दोघांनी नुसता अंगठा दाखवला, एकाने लिहिलं, ‘जे ठरेल ते.’ तिन्हींचा अर्थ एकच, ठरल्यावर बघू. ‘जे ठरेल ते’वाला आदल्या रात्री गळतो, हे गृहीत धरूनच गाडीच्या सीट मोजा.

दुसरी चूक प्रश्नाची. ‘कधी जमेल?’ असं विचारलं की लोक घोळ घालतात. ‘कधी अजिबात जमणार नाही?’ याचं उत्तर मात्र तोंडावर तयार असतं. तेही ग्रुपवर विचारू नका, एकेकाला फोन करा. वहीत डावीकडे नावं, वर तारखा, आणि चौकटीत फक्त फुल्या. बरोबरची खूण करायचीच नाही.

फुल्या पडायला लागल्या तसं कोण काय करतं ते कळत गेलं. बँकेतल्या दोघांना दुसरा आणि चौथा शनिवार मोकळा, पहिला-तिसरा कामाचा. जीएसटीची कामं करणारी मैत्रीण दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास फोनसुद्धा उचलत नाही. ज्युनियर कॉलेजवाला फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावीच्या सुपरव्हिजनला. नर्सिंगवालीचा ड्यूटीचा तक्ता महिनाभर आधी लागतो, म्हणजे तिला तक्ता लागायच्या आधी सांगायला हवं, नंतर ती कोणाशी अदलाबदल करणार? दुकानवाल्याला रविवार सोडून काहीही चालतं, दवाखानावाल्याला फक्त रविवार. हे दोघं एका दिवशी जमणारच नाहीत, दोघांपैकी एकाला गडी किंवा बदली डॉक्टर बघायला सांगणं एवढाच उपाय. दवाखानावाल्याने बदली डॉक्टर बसवला.

सगळ्यात मोठं त्रांगडं उसाचं. ज्याचा ऊस उभा आहे त्याच्या हातात तारीख नसते. तोडणीची टोळी कधी येणार ते साखर कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे तोडणीची चिठ्ठी देणारा माणूस, सांगणार, तेही दोन-चार दिवस आधी. टोळी दारात असताना मालक फडावर नसला तर चालत नाही. मी त्याला तीनदा ‘नक्की सांग’ म्हणाले, तो तीनदा ‘तोड आली की सांगतो’ म्हणाला. माझंच चुकत होतं. त्याच्यासाठी तारीख राखायची नसते, एक सीट मोकळी राखायची असते. तो आदल्या दिवशी संध्याकाळी कळवून आला.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी ज्यांच्या हातात काहीच नाही ते चार जण, मग ज्यांना महिनाभर आधी सांगावं लागतं ते, आणि नोकरीत नेहमीची रजा मिळणारे सर्वांत शेवटी. मी नेमकं उलटं केलं होतं, कारण आयटीवाले पटकन उत्तर देतात. आमच्या वहीत शेवटी एकच रकाना फुलीशिवाय उरला, जानेवारीतला चौथा शनिवार, आणि तो जोडून सुट्टीचा निघाला. अशा दिवशी पाचगणी-महाबळेश्वर रस्ता गाड्यांनी तुंबतो. म्हणून डिसेंबरातला दुसरा शनिवार, दोन फुल्या सोसून. तेराच जण आले असते तरी मी गेले असते.

तारीख ठरल्यावर बाकीचं पटापट झालं. पैसे आधी यूपीआयवर घ्या. ज्याचे आले त्याचं नाव यादीत. सतरा सीटची टेम्पो ट्रॅव्हलर करताना दोन गोष्टी विचारून घ्या. बाहेरगावी बहुतेक ठिकाणी दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरतात, जाऊन-येऊन तेवढे होत नाहीत तरी पैसे तेवढेच. आणि दिवस रात्री बाराला संपतो, साडेबाराला गॅरेजला पोचलात तर दुसरा दिवस लागतो. ड्रायव्हरचा भत्ता, टोल, पार्किंग वेगळं. सुरूरला वळल्यामुळे आनेवाडीचा टोल लागत नाही, खेड शिवापूरचा लागतो. घाटात ज्यांना मळमळतं त्यांना पुढे बसवा, मागची सीट वळणावर फेकते.

न्यू जर्सीच्या मैत्रिणीला व्हिडिओ कॉल वाईत नाश्त्यालाच उरकला. हिवाळ्यात ती आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, आपले सकाळचे आठ म्हणजे तिचे आदल्या रात्रीचे साडेनऊ. घाट लागल्यावर रेंजचा भरवसा नाही.

भिलार हे पुस्तकांचं गाव ४ मे २०१७ ला सुरू झालं, सुरुवातीला २५ ठिकाणी. एका घरी कथा, दुसरीकडे कविता, कुठे संतसाहित्य, कुठे दिवाळी अंक. बसून वाचायला पैसे नाहीत, पुस्तक मात्र गावाबाहेर न्यायचं नाही. ही लोकांची राहती घरं आहेत. पंधरा जण एकदम घुसू नका, तिघा-चौघांचे गट करा, चपला बाहेर, आवाज बेताचा. दुपारी घरातले जेवायला बसतात, तेव्हा आपणही जेवायला जावं.

आमची पुस्तकांची देवाणघेवाण जेवणानंतर. प्रत्येकाने वाचलेलं, स्वतःच्या मालकीचं एक पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून आणायचं, आत चिठ्ठी: हे का देतोय. चिठ्ठ्या उचलून वाटलं की कोणाला तरी स्वतःचंच मिळतं. त्यापेक्षा गोल बसा आणि सगळ्यांनी एकदम, पाच वेळा, डावीकडे पुढे सरकवा. ज्याला जे आलं ते त्याचं. उसवाल्याला दवाखानावाल्याचं आलं. आतल्या चिठ्ठीवर, सवयीने, दिवसातून दोनदा असं लिहिलेलं होतं.