वावरातली खोली

रविवार, रात्र

शनिवार-रविवार वावरात काढून आत्ताच नागपूरला पोचलो. हाताला अजून हरभऱ्याची आंब आहे, आंघोळ बाकी आहे, पण आधी लिहून घेतो, उद्या ऑफिस सुरू झालं की राहूनच जातं.

खोली कशी झाली ते लिहायचं कधीपासून मनात होतं. वावर आजोबांपासूनचं, सेलू तालुक्यात. बुटीबोरी सोडून केळझरच्या पुढं गेलं की आत वळायचं आणि शेवटचा तुकडा पांदणीचा, पावसाळ्यात तिथं बैलबंडीच कशीबशी जाते. आजोबा जागलीला, म्हणजे रात्री पीक राखायला, मचाणावर झोपायचे. मग बाबा नोकरीमुळे वर्ध्याला, मी नागपूरला, म्हणजे सातबारा आमचा पण सूर्य मावळल्यावरचं वावर आम्ही कुणी पाहिलेलंच नाही, सकाळी जायचं, मजुरी द्यायची, संध्याकाळी परत. बाबा रिटायर झाले आणि म्हणाले, "आता तठी एक खोली टाकू, दुपारी आडवं तं होता येईल." तिथून सुरुवात.

सगळ्यात जास्त डोकं जागेवर खर्च झालं. आमची जमीन काळी, भारी. कपाशीला उत्तम, पण भिंतीला नाही, कारण ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो. वरवर पाया घेतला की भिंतीला तडे ठरलेले. जुन्या लोकांनी शेती काळीत केली आणि गावं पांढरीवर वसवली ती उगाच नाही. धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, कडुनिंबाच्या बाजूला दोन-अडीच फुटांवर मुरूम लागतो, तीच जागा धरली. मुरमापर्यंत खोदून दगड भरला, आतली काळी माती सगळी उपसून मुरूम टाकला, पाणी मारून मारून ठोकला आणि जोतं चांगलं उंच घेतलं, विंचू-सापाचा विचार करूनच.

बांधायच्या आधी बाबांना घेऊन सेवाग्रामला गेलो होतो. लहानपणी शाळेच्या सहलीत बापूकुटी पाहिली होती पण तेव्हा काय कळणार. १९३६ साली गांधीजी तिथं राहायला आले तेव्हा त्या गावाचं नाव शेगाव होतं (आपलं गजानन महाराजांचं नव्हे, हे वर्ध्याजवळचं), सेवाग्राम झालं १९४० साली. घर आजूबाजूला मिळेल त्याच सामानाचं असावं हा त्यांचा आग्रह. माती, बांबू, कवेलू (कौलं), बस. बाबा कितीतरी वेळ नुसते छपरीत उभे राहून छपराचा उतार पाहत होते, भर दुपारची वेळ होती आणि तिथं खरंच गार वाटत होतं. परत येताना गाडीत म्हणाले, "आपल्याले शिमिटाची खोली नाई पाहिजे." मला फार आनंद झाला.

मग दहा बाय बाराची खोली, दार पूर्वेला, पश्चिमेच्या भिंतीला खिडकीच ठेवली नाही आणि ती भिंत जाड, कारण आपल्याकडं पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि तीन नंतरचं ऊन त्याच बाजूनं येतं. भिंतीच्या मातीत नुसती काळी चालत नाही, वाळली की फाटते. पांढरी माती, कुटार (पिकाचा भुसा) आणि शेण कालवून बरेच दिवस मुरत ठेवलं, रोज पायानं तुडवायचं. पोट्टे तर त्यातच लोळले.

बांबू आमच्याच धुऱ्यावरचा, मानवेल, भरीव असतो, वजन पेलतो. तीन वर्षांवरचाच तोडला, कोवळा लवकर किडतो. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि जंगलाबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून निघाला, त्यामुळे स्वतःच्या वावरातला बांबू तोडायची आता पूर्वीसारखी भीती नाही. बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून सावलीत वाळवला. तट्टे गावातल्या बुरडांकडून विणून घेतले, त्यांचा हात काय चालतो, बघत राहावं.

छपरावरून मात्र घरात वाद झाला. बाबांना जुन्या घरचे कवेलू हवे होते आणि आमच्याकडं वानरं एका उडीत निम्मे कवेलू उलथवतात, गावात सगळ्यांनी टिना टाकल्या त्या याच्यामुळेच. नुसती टिन म्हणजे उन्हाळ्यात भट्टी. शेवटी खाली तट्टा, त्यावर मातीचा थर, मग थोडी पोकळी सोडून टिन आणि टिनावर कवेलू. वानरांनी कवेलू सरकवले तरी गळत नाही आणि टिनेला ऊन थेट लागत नाही. माझ्या मते आपल्या भागात यापेक्षा चांगलं छप्पर नाही.

आता आम्ही जमेल तेव्हा शनिवारी निघतो. काल गोवऱ्यांवर रोडगे लावले, तुराट्यांवर वांगी भाजली, बायकोनं पाट्यावर ठेचा वाटला. पळस फुलायला लागलाय. आई ओसरीत बसून तुरीच्या शेंगा सोलत होती आणि माहेरच्या वावराबद्दल बोलत होती, ते मी आधी कधीच ऐकलेलं नव्हतं.

पण मला खरं सांगायचंय ते रात्रीबद्दल. बोरचं जंगल जवळ आहे, २०१४ मध्ये तिथं व्याघ्र प्रकल्प झाला, त्यामुळे अंधार पडला की टॉर्चशिवाय कुणी फिरत नाही. रानडुकरं आणि रोही (नीलगायी) हरभऱ्यात घुसतात, कुंपणाच्या तारेत झटका सोडणाऱ्या मशीनची टकटक चालू असते आणि लांबून जागलीवाल्यांच्या हाका. या पाळीत शेतीपंपाची थ्री फेज वीज रात्रीची आहे म्हणून शेजारचे काका दोन वाजता थंडीत गव्हाला पाणी देत होते, पाय चिखलात, डोक्याला दुपट्टा. मी इतकी वर्षं गव्हाचा भाव बोलायचो आणि हे कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. चहा करून बोलावलं तर म्हणाले, "झोप ना बावा, काहून उठला?" मग बसले अर्धा तास, बाबा पण उठून आले, आजोबांच्या मचाणाच्या गोष्टी निघाल्या. दिवसा वीज मिळायला पाहिजे या माणसांना, एवढी साधी गोष्ट आहे, आणि मिळेपर्यंत निदान बसायला कोरडी जागा तरी पाहिजे.

बाबांनी सकाळीच ठरवून टाकलं, छपरी उत्तरेकडं वाढवायची, तिथं एक बाज आणि चूल कायमची ठेवायची आणि तिकडच्या दाराला कुलूप नाही लावायचं. पुढच्या शनिवारी बांबू तोडायचे आहेत, बुरडांना उद्याच फोन करतो.