करिअर मार्गदर्शनातला राहून जाणारा तास

शाळेतलं करिअर मार्गदर्शन म्हटलं की बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसतं. वर्षातला एक दिवस, सभागृहात दोनशे मुलं, मंचावर तीन-चार पाहुणे, शेवटी आभारप्रदर्शन. मुलं हातात माहितीपत्रकं घेऊन घरी जातात आणि ती पत्रकं दप्तराच्या तळाशी चुरगळून पडतात. त्या दिवसामागची मेहनत खरी असते, म्हणूनच ती वाया जाताना पाहून वाईट वाटतं.

फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये बॉस्टनला तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शनाचं कार्यालय सुरू केलं. व्यवसाय निवडताना तीन गोष्टी लागतात, असं त्यांनी मांडलं: स्वतःची नीट ओळख, कामांची नीट ओळख, आणि या दोन्हींचा मेळ घालणारा विचार. शंभरहून जास्त वर्षं झाली, तरी शाळा यांतल्या दुसऱ्या गोष्टीतच, म्हणजे कामांच्या माहितीत, अडकल्या आहेत. पहिल्या गोष्टीसाठी एक चाचणी उरकतात आणि तिसऱ्या गोष्टीला वेळापत्रकात जागाच नसते. माहिती कमी पडते म्हणून मुलांचे निर्णय चुकतात, हे मला पटत नाही. मिळालेल्या माहितीचं आपल्या बाबतीत काय करायचं, हे कुणासोबत बसून ठरवायला वेळ मिळत नाही, म्हणून ते जास्त चुकतात.

तेव्हा सुधारणा तिसऱ्या गोष्टीपासूनच सुरू करावी. म्हणजे प्रत्येक मुलाशी एकट्याने, समोरासमोर बसून बोलणं. वेळ चाळीस मिनिटं. पंधरा मिनिटांत मूल जेमतेम मोकळं होतं, आणि तासाभराने थकतं.

हे जमणार नाही असं मुख्याध्यापक म्हणतात तेव्हा कागदावर हिशोब मांडावा. एका इयत्तेत १२० मुलं धरा. भेटीआधी मुलाची माहिती वाचायला १० मिनिटं, भेट ४० मिनिटं, नोंद लिहायला १५ मिनिटं. एका मुलामागे ६५ मिनिटं, म्हणजे एकूण १३० तास. दिवसाला तीन भेटी आणि आठवड्याला दोन दिवस ठेवले तर वीस आठवड्यांत सगळी इयत्ता होते. प्रशिक्षित समुपदेशक अर्धवेळ मिळाला तरी हे बसतं. बसत नाही ते एकाच ठिकाणी, जिथे हे काम आधीच पूर्ण तासिका घेणाऱ्या शिक्षकाच्या गळ्यात मारलेलं असतं.

भेटींचा क्रम हजेरीपटाप्रमाणे लावू नये. तसं केलं तर शेवटच्या तीस मुलांची पाळी येईपर्यंत विषय निवडायची मुदत उलटून गेलेली असते. शाळा सुटण्याची भीती असलेली मुलं आधी, मग ज्यांनी "काहीच ठरलं नाही" असं लिहून दिलंय ती, आणि ज्यांचं ठरलंय ती शेवटी. ठरलेल्यांना वगळायचं मात्र नाही. त्यांच्यातल्या कितीतरी जणांचं ठरलेलं असतं ते घरातल्या कुणाचं तरी. शिवाय मुलाला दर वेळी एकाच विषयाच्या तासातून उठवू नये. त्या शिक्षकाची चिडचिड होते आणि ती मुलावर निघते.

आता भेट कशी व्हावी. "तुला काय व्हायचंय?" हा प्रश्न पहिल्या वीस मिनिटांत विचारूच नये. मूल एखाद्या व्यवसायाचं नाव सांगतं आणि पुढचं सगळं बोलणं त्या नावाभोवतीच फिरत राहतं. त्यापेक्षा "कोणत्या विषयाची वही तू आधी उघडतेस?", "कोणतं काम सांगितलं की टाळतेस?" असं विचारावं. माझ्या मते सगळ्यात उपयोगी प्रश्न हा: "कोणते पर्याय तू आधीच काढून टाकलेस, आणि कधी?" अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिंडा गॉटफ्रेडसन यांनी १९८१ मध्ये मांडलं की मुलं आवडीनिवडीचा विचार करण्याच्या कितीतरी आधी पर्याय गाळायला लागतात. साधारण सहा ते आठ वर्षांच्या वयात "हे मुलांचं, हे मुलींचं" असं, आणि पुढे नऊ ते तेराच्या दरम्यान प्रतिष्ठेवरून. पंधराव्या वर्षी समोर बसलेल्या मुलीच्या मनात वायरमन, वेल्डर, पायलट ही कामं उरलेलीच नसतात. ती नावडती नसतात, कधीच खोडली गेलेली असतात. म्हणूनच प्राथमिक वर्गातही कामांची ओळख हवी. तिथे निवड करायला लावायची नसते, गाळणं थांबवायचं असतं.

मुलीने "डॉक्टर" म्हटलं तर तिथे थांबू नये. डॉक्टर म्हणजे नेमकं काय आवडतं? शरीर कसं चालतं ते समजून घेणं, आजारी माणसाशी बोलणं, यंत्रं, की घरी मिळणारा मान? शरीर आणि हालचाल असेल तर फिजिओथेरपी, यंत्रं असतील तर क्ष-किरण विभागातलं तंत्रज्ञाचं काम किंवा रुग्णालयातल्या उपकरणांची देखभाल, सूक्ष्मदर्शकाखाली बघणं असेल तर प्रयोगशाळा. डॉक्टर हा शब्द खोडायचा नाही, त्याच्या शेजारी आणखी तीन शब्द लिहायचे. याची गरज किती आहे ते आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेच्या आकड्यांत दिसतं: २०१८ च्या पिसा या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत ४१ देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांपैकी ४७ टक्के मुलगे आणि ५३ टक्के मुली वयाच्या तिशीत आपण मोजक्या दहा व्यवसायांपैकी एकात असू, असं सांगत होत्या.

पालक आलेच पाहिजेत, पण सुरुवातीपासून नकोत. पहिली पंचवीस मिनिटं मूल एकटं, मग उरलेल्या पंधरात पालक. आधीपासून पालक बसले की उत्तर देण्याआधी मुलाची नजर त्यांच्याकडे जाते, आणि तिथेच भेट संपल्यात जमा असते. पालक आत आल्यावर आतापर्यंत काय बोलणं झालं ते समुपदेशकाने सांगू नये, मुलाला सांगू द्यावं. अडखळत सांगितलं तरी चालेल. तोच त्या मुलाचा पहिला सराव.

नोंद तीन ओळींची पुरते: मूल काय म्हणालं, आता पुढचं एक काम कोणतं, ते कोणत्या तारखेपर्यंत. एक प्रत मुलाकडे, एक शाळेकडे. "अभियांत्रिकीची माहिती काढणे" हे काम नव्हे, ती इच्छा झाली. "येत्या शुक्रवारपर्यंत या दोन अभ्यासक्रमांच्या प्रवेशाच्या अटी वहीत लिहून आणणे" हे काम. तीन आठवड्यांनी पाच मिनिटं भेटून ते झालं का, एवढंच विचारायचं. ही पाच मिनिटं गाळली की चाळीस मिनिटांतलं निम्मं हवेत जातं.

पाहुण्यांचं म्हणाल तर ते हवेतच, पण सभागृहात नकोत. बारा ते पंधरा मुलांचा गट, वर्गाची खोली, बाकं गोलात. पाहुण्यांना आठवडाभर आधी अर्ध्या पानाचं पत्र द्यावं. जीवनप्रवास सांगू नका, दहा मिनिटं बोला, पंचवीस मिनिटं प्रश्नांना द्या, आणि कामातली एक वस्तू सोबत आणा. झिजलेली बेअरिंग, बांधकामाचा नकाशा, कालच्या दिवसाची डायरी, काहीही. वस्तू हातात फिरली की न बोलणारी मुलंही बोलतात, आणि प्रश्न स्वप्नांवरून कामावर येतात. हे कसं झिजलं, कुणाला कळलं, मग काय केलंत?

मुलांनी प्रश्न आदल्या तासाला लिहून ठेवायचे. "यशाचं रहस्य काय?" आला की शिक्षकाने तो बदलायला मदत करावी. "काल सकाळच्या पहिल्या तासात तुम्ही काय काय केलंत?", "यातलं कंटाळवाणं काम कोणतं?", "सुरुवातीचा पगार कशावरून ठरतो?", "आज माझ्या वयाचं कुणी या कामात शिरायचं म्हटलं तर दार कुठलं?" या शेवटच्या प्रश्नासाठी पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या पाहुण्यापेक्षा तीन ते पाच वर्षांपूर्वी शाळा सोडलेला माजी विद्यार्थी बरा. ज्येष्ठांनी शिरताना वापरलेलं दार बऱ्याचदा आता बंद झालेलं असतं, आणि त्यांना ते ठाऊक नसतं. भेटीनंतरच्या तासाला वीस मिनिटं ठेवावीत: काय वेगळं कळलं, यातलं मला काय जमेल, काय जमणार नाही. इथे पुन्हा तीच तिसरी गोष्ट, मेळ घालणं. भेटीनंतरचा हा तास नसेल तर पाहुण्याला बोलावूच नये, असं मी म्हणेन.

पाहुण्यांचा तक्ता ठेवावा: स्त्री की पुरुष, क्षेत्र कोणतं, पदवीच्या वाटेने आले की कामावर शिकून. ओळखीच्या पालकांनाच बोलावत गेलं तर दोन वर्षांत तक्ता एका बाजूला कललेला दिसतो. ब्रिटनमधल्या २०१२ च्या एका अभ्यासात असं दिसलं की शाळेत असताना प्रत्यक्ष काम करणाऱ्या किंवा काम देणाऱ्या लोकांशी चार किंवा जास्त वेळा संपर्क आल्याचं आठवणारे तरुण, पुढे ना शिक्षणात ना नोकरीत अशा स्थितीत बरेच कमी सापडले. हा संबंध आहे, सरळ कारण सिद्ध झालेलं नाही. तरी एकाच मोठ्या मेळाव्यापेक्षा वर्षभरात विखुरलेल्या चार छोट्या भेटी आखणं त्यावरून शहाणपणाचं वाटतं.

कल चाचण्यांबद्दल थोडक्यात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये मांडलेले आवडींचे सहा प्रकार आजही बऱ्याच चाचण्यांच्या मुळाशी आहेत, आणि बोलणं सुरू करायला ते चांगले आहेत. पण छापून आलेली व्यवसायांची यादी मुलाच्या हातात नुसती ठेवू नये. आधी सहा प्रकारांत मिळालेले गुण शेजारी मांडून बघावेत. ते जवळजवळ सारखे असतील तर चाचणीने काहीच सांगितलेलं नाही, यादी कितीही ठाम दिसो. शिवाय ज्याने कधी पाना हातात धरला नाही तो यंत्रदुरुस्तीपुढे "आवडत नाही" अशीच खूण करणार. तो कमी गुण अनुभव नसल्याचा आहे, कल नसल्याचा नाही.

नोकऱ्यांचे आकडे दाखवताना एक चूक हमखास होते. "सर्वात वेगाने वाढणारं क्षेत्र" ऐकून मुलं तिकडे धावतात. समजा एका क्षेत्रात १,००० माणसं आहेत आणि दहा वर्षांत ती ३० टक्क्यांनी वाढणार आहेत. म्हणजे नव्या जागा ३००, वर्षाला सरासरी ३०. दुसऱ्या क्षेत्रात १,००,००० माणसं आहेत, वाढ शून्य, पण दर वर्षी ३ टक्के लोक निवृत्त होतात किंवा सोडून जातात. तिथे भरायच्या जागा वर्षाला ३,०००. हा हिशोब फळ्यावर एकदा मुलांकडूनच करून घ्यावा. गणिताच्या तासालाही चालेल.

या सगळ्याला शाळेत एकच जबाबदार माणूस हवा, आणि त्याच्या वेळापत्रकात या कामाचे तास लिहिलेले हवेत. इंग्लंडमध्ये २०१४ मध्ये गॅट्सबी प्रतिष्ठानने शाळांसाठी आठ निकष मांडले. सोळाव्या वर्षाआधी प्रत्येकाला प्रशिक्षित समुपदेशकाची एक स्वतंत्र भेट मिळावी आणि अठराव्या वर्षापर्यंत आणखी एक, हे त्यांतच आहे. २०१८ पासून तिथल्या शाळांना या कामासाठी प्रमुख नेमावा लागतो. फिनलंडमध्ये सातवी ते नववी या तीन वर्षांत मिळून मार्गदर्शनाचे ७६ तास अभ्यासक्रमातच धरलेले आहेत. मोठ्या देणगीने जे होत नाही ते वेळापत्रकातल्या ठरलेल्या तासाने होतं.

शेवटचं काम सगळ्यात दुर्लक्षित: मुलं गेली कुठे याची नोंद. गॅट्सबीचा निकष शाळा सोडल्यानंतर तीन वर्षांचा आहे. निरोपाच्या दिवशी मुलाचा आणि घरच्या आणखी एकाचा असे दोन नंबर संमतीसह घ्यावेत, कारण मुलांचे नंबर वर्षभरात बदलतात. पहिला फोन सहा महिन्यांनी. कुठे प्रवेश घेतला, एवढ्यावर थांबू नये. आजही तिथेच आहेस का, बदललंस तर कधी आणि कशामुळे, हे विचारावं. पहिल्या वर्षात अभ्यासक्रम सोडणाऱ्यांची संख्या निकालाच्या टक्केवारीपेक्षा शाळेला जास्त शिकवते. एकाच अभ्यासक्रमातून चार जण परत आले असतील, तर त्या वर्षीच्या चाळीस मिनिटांच्या नोंदी काढून शेजारी ठेवाव्यात आणि त्या चौघांना नेमकं काय विचारायचं राहिलं होतं ते शोधावं. तो प्रश्न पुढच्या तुकडीच्या भेटींत पहिल्या पाचात घालावा.