बर्रन: थंडीत गुरं डोंगर चढतात

उन्हाळ्यात गुरं डोंगरावर आणि थंडीत खाली, अशीच रीत मला ठाऊक. आयर्लंडच्या क्लेअर काउंटीत, बर्रन या चुनखडीच्या डोंगराळ भागात ऑक्टोबरअखेरीला पोचलो, तर गाईंचा कळप वर निघालेला! याला तिथं ‘विंटरेज’ म्हणतात. चुनखडीचा कातळ ऊब धरून ठेवतो, पाणी साचू देत नाही. गुरांना बसायला कोरडी जागा मिळते.

आम्ही मागोमाग निघालो. फरशीसारखा कातळ, मधे खोल फटी. माझा बूट दोनदा अडकला, गाई मात्र रमतगमत वर. 1651मध्ये, आयर्लंडवर स्वारी करणाऱ्या इंग्लंडच्या क्रॉमवेलचा सेनानी एडमंड लडलो म्हणाला होता, इथं माणूस बुडवायला पाणी नाही, फाशी द्यायला झाड नाही, पुरायला माती नाही. पण गुरं धष्टपुष्ट आहेत, हेही त्यानंच नोंदवलं होतं.

पाणी आहे, पण खाली. पाऊस फटींतून थेट भूगर्भात उतरतो. मातीची गाळणीच नाही. वर सांडलेलं सगळं झऱ्यात जातं. पूर्वी वर मुरघास (मुरवून साठवलेला हिरवा चारा) टाकायचे, तेव्हा गुरं त्याभोवतीच घोटाळायची. शेणाचा रेंदा व्हायचा आणि पलीकडचं जुनं, राठ गवत तसंच राहायचं. 2005 ते 2010च्या बर्रनलाइफ या संवर्धन प्रकल्पात मुरघासाऐवजी थोडं आंबोण (पोषक खुराक) देऊन पाहिलं. गुरं पुन्हा हिंडून चरू लागली. पुढच्या योजनेत शेताला दहापैकी गुण: गवताळ रान जितकं समृद्ध, तितके पैसे जास्त. मला हे फार पटलं.

जुनं गवत चरलं गेलं की वसंतात उजेड मिळतो आणि निळी जेन्शियन फुलते. चराई थांबली तर हेझलची झुडपं सगळं गिळतात. मी अर्थातच चुकीच्या महिन्यात गेलो होतो. फुलं शेतकऱ्याच्या मोबाइलवर पाहिली.

त्याची शेती सेंद्रिय, गुरं बीफसाठीची. मी बीफ खात नाही, हे ऐकून तो हसला. रासायनिक खत नाही, जंताचं औषधही सरसकट नाही, कारण काही औषधं शेणातून उतरून शेणकिड्यांना मारतात. बोलता बोलता त्यानं बुटाच्या टोकानं शेणाचा एक पोह उलटला, वाकून पाहिलं आणि मला हाक मारली. आत दोन काळे किडे होते.