आईची चुंबळ

आईच्या ट्रंकेत अगदी तळाशी ती चुंबळ होती, वारीत डोक्यावर तुळशीवृंदावन घेताना त्याखाली ठेवायची. पांढऱ्या सुती कापडाची, पीळ घालून गोल वळलेली, वर दोऱ्याचे आडवेतिडवे टाके. मधला भाग वृंदावनाच्या वजनानं चपटा झालेला आणि कडेला तेलकट. नाकाशी नेली तर खोबरेल आणि बुक्का. कापड बाबांच्या धोतराचं, अशी माझी पक्की समजूत. तसं मी लेकीलाही सांगून टाकलं होतं.

आईनं माउलींच्या पालखीबरोबर 31 वाऱ्या केल्या. मी लहान असताना ज्येष्ठ वद्यात ती पितळी वृंदावन चिंचेनं घासायला बसली की माझ्या पोटात गोळा यायचा. आता 18-20 दिवस घर आत्याच्या ताब्यात. दहावीचा निकाल लागला तेव्हाही ती वारीत होती. पेढे मीच आणले, मीच वाटले. ती परतली ती काळवंडून, टाचांना भेगा, पिशवीत चुरमुरे. "पास झालीस ना? मला माहीत होतं," एवढंच म्हणाली. ते मी पुढं कितीतरी वर्षं मनात धरून होते.

माझ्या लेकीची आजी मात्र वेगळीच निघाली. तिनं नातीला मुक्काम पाढ्यांसारखे पाठ करून घेतले: आळंदी, पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण... 2020 साली पायी वारी झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. आई तेव्हा आमच्याकडे होती. रोज संध्याकाळी बाल्कनीतल्या तुळशीपाशी उभी राहून ती नातीला विचारायची, "आज कुठं आपण?" "बरड!" मग दोघी जागच्या जागी शंभर पावलं चालायच्या आणि हरिपाठ म्हणायच्या. मी आत लॅपटॉपवर मीटिंगमध्ये. एकदा त्यांना आवाज कमी करायला सांगितलं होतं, हेही इथं लिहून ठेवते.

गेल्या मार्गशीर्षात आई गेली. वैशाखात दिंडीच्या मालकांचा फोन आला. भिशीच्या, म्हणजे दिंडीतल्या जेवणखर्चाच्या वर्गणीच्या, वहीत तिचं नाव होतं, ते खोडायचं का, एवढंच विचारत होते. खोडू नका, मी येते, असं माझ्या तोंडून कसं गेलं कोण जाणे. भक्ती वगैरे म्हणाल तर माझ्यात बेताचीच.

पुणे ते सासवड हा वाटेतला सगळ्यात लांब टप्पा, तीसेक किलोमीटरचा, आणि त्यात दिवे घाट. दिवस एकादशीचा, म्हणजे पोटात केळं आणि शेंगदाण्याचा लाडू. लेक एवढाच टप्पा चालायला आली होती. घाटाच्या पायथ्याशी रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या आणि गर्दी एकदम दाटली. वृंदावन एका हातानं धरायची मला सवय नव्हती, मान आखडली होती. खरं सांगायचं तर चढावर मला विठ्ठल आठवत नव्हता, मोज्यातला खडा आठवत होता.

वर पोचल्यावर बायकांनी फुगड्या धरल्या. दिंडीतल्या एक सत्तरीच्या मावशी माझ्या लेकीला ओढत म्हणाल्या, "ये गं. तुझी आजी फुगडीत कुणाला हटायची न्हाई." आई? गुडघे दुखतात म्हणून घरात पाटावरही न बसणारी? आई फुगडी खेळायची, नकला करायची, दिंडीमालकांच्या घोरण्याचीसुद्धा. मावशी सांगत होत्या आणि मी ऐकत होते, एखाद्या अनोळखी बाईबद्दल ऐकावं तसं. मग म्हणाल्या, "तूच का ती धाकली? तुझ्या दहावीच्या साली नातेपुत्याला तिनं सगळ्या दिंडीला लिमलेटच्या गोळ्या वाटल्या. निकाल कळला का म्हणलं, तर म्हणली, कळायचाय अजून."

मी लेकीच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत बसले. ते आधीच उघडं होतं.

या सगळ्या गडबडीत चुंबळ पडली. कुठं, ते कळलंच नाही. सासवडच्या तळावर वृंदावन उतरवलं तेव्हा डोक्यावर नुसता पदर.

तळावर समाजआरती होते. दिंड्या पालखीभोवती गोल उभ्या राहतात, टाळांचा कल्लोळ चाललेला असतो, आणि चोपदारांनी दंड उंचावला की तो हजारोंचा आवाज एका क्षणात थांबतो. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचेच टाळ तेवढे वाजत राहतात. मग सापडलेल्या वस्तू पुकारतात. त्या दिवशी दोन मोबाइल, एक चष्मा, टाळांचा एक जोड. मी कान देऊन ऐकत होते. चुंबळ कोण नेऊन देणार!

राहुटीत आले आणि रडूच कोसळलं. लेकीनं मावशींना कारण सांगितलं, बाबांच्या धोतराची होती म्हणून. मावशी डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिल्या.

"कशाचं धोतर? माझ्या धडुत्याची हाय ती. शेवटच्या वारीत मीच वळून दिली तिला. दर दोन वर्सांनी हरवायची तुझी आई. एकदा तर नीरेत सोडून दिलीन, पाण्यात पाय घालून बसली व्हती तवा."

असं म्हणून त्यांनी गाठोड्यातून जुनं लुगडं काढलं, दातानं काठ धरला आणि टर्रकन पट्टी फाडली. पीळ घालताना एक टोक लेकीच्या हातात दिलं. मग दोऱ्यानं आवळली, माझ्या डोक्यावर बसवून पाहिली, सैल वाटली म्हणून उसवली, पुन्हा वळली.

सासवडचा मुक्काम आटोपून जेजुरीला पोचलो. तिथं पालखीवर भंडारा उधळतात. ती कोरी चुंबळ पार पिवळी झाली, माझं अर्धं कपाळही. आता ती ट्रंकेत आहे. धुवायची का तशीच ठेवायची, यावरून लेकीचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.