तीन फायलींचा एक कागद : आमची वाटचाल

मी कारखान्यांना आयएसओ सर्टिफिकेटसाठी तयार करणारा कन्सल्टंट झालो तो 2009 साली, वाळूजच्या एका प्रेस शॉपमधली क्वालिटी इन्स्पेक्टरची नोकरी सुटल्यावर. सुटली म्हणजे काढलं, लपवायचं कशाला. बजाजनगरात दहा बाय बाराची खोली, जुना प्रिंटर, एक लोखंडी पंचिंग मशिन आणि एक भागीदार. तो बोलायचा, मी लिहायचो. 9001:2008 चा जमाना, म्हणजे क्वालिटीच्या आयएसओ स्टँडर्डची 2008 ची आवृत्ती. मॅन्युअल, सहा प्रोसिजर, त्याखाली फॉरमॅट. बॉक्स फाईल जाड झाली की मालक खूश. ते पंचिंग मशिन अजून माझ्या टेबलावर आहे, स्प्रिंग दोनदा बदललीय. नव्या मशिनला त्याची चाप येत नाही.

पुढे मोठे कस्टमर पर्यावरणाचं 14001 आणि कामगारांच्या सुरक्षेचं तेव्हाचं 18001 सुद्धा मागायला लागले. आम्ही काय केलं? तीन मॅन्युअल, तीन इंटर्नल ऑडिट, तीन मॅनेजमेंट रिव्ह्यू. कारखाना एकच, माणसं तीच, सह्याही त्याच. आणि फी तीनदा.

याला पहिल्यांदा टोकलं ते मामांनी. अख्खी एमआयडीसी त्यांना मामाच म्हणते. चार सीएनसी आणि एक व्हीएमसी ही कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं, दोन जुने लेथ, आणि आमचं पहिलं गिऱ्हाईक. 2016 च्या उन्हाळ्यात त्यांनी तिन्ही फायली माझ्यापुढं आदळल्या. "सर, मी जॉब काढायलो का कागद काढायलो?"

उत्तर नव्हतं म्हणून शॉपमध्ये जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या सीएनसीवरचा पोरगा चक, म्हणजे जॉब पकडून ठेवणारा मशिनचा भाग, साफ करत होता. चकचा जबडा म्हणजे जॉ, तो आणि जॉब यांच्यामध्ये चिप, म्हणजे कापताना निघालेला धातूचा काप, अडकली तर जॉब तिरका बसतो, साईज जाते. हे 9001. चिप्स तो उघड्या हातानं ओढत होता, अंगठ्याला कापल्याची जुनी खूण. हे 18001. आणि चिप्सच्या ट्रॉलीतून ऑइल गळत पार गेटपर्यंत काळी रेघ गेली होती. हे 14001. चिप एकच. आम्ही तिच्यावर तीन फायलींत तीन वेगळी पानं लिहिली होती आणि त्या पोरानं त्यातलं एकही बघितलं नव्हतं.

त्या रात्री एक कागद काढला. ए-फोर, आडवा. डावीकडं काम, मग 'काय चुकू शकतं' हा एकच रकाना, मग 'काय करायचं', मग 'कोण'. हुक घ्या, हातमोजा घाला, ट्रॉलीखाली ट्रे ठेवा, चक पुसूनच जॉब लावा. तेवढंच.

हे जमलं कारण 2015 च्या सप्टेंबरात 9001 आणि 14001 दोन्ही एकाच साच्यात आली होती. दहा कलमं, चौथ्यापासून दहाव्यापर्यंत मथळे सारखे. मॅन्युअल पाहिजेच ही अट गेली, एमआर म्हणजे मॅनेजमेंटचा प्रतिनिधी नेमायची सक्ती गेली. 18001 मात्र जुन्या चालीचं, ते आम्ही कोंबून बसवलं. 2018 च्या मार्चमध्ये त्याच्या जागी 45001 आलं, तेही त्याच साच्यात. मग एकच इंटर्नल ऑडिट, एकच रिव्ह्यू.

आता भागीदाराचं. 9001:2008 ची सर्टिफिकेटं 2018 च्या सप्टेंबरात बाद होणार होती, सगळ्यांची घाई. त्याच जूनमध्ये तो आमचे फॉरमॅट पेनड्राइव्हवर घेऊन गेला आणि रेल्वे स्टेशनकडं ऑफिस थाटलं. "तिन्ही सर्टिफिकेट, आठ दिवसांत, कुरिअरनं." कन्सल्टिंग पण त्याचं आणि सर्टिफिकेट देणारी बॉडी पण त्याचीच. हे चालत नाही. जो सल्ला देतो त्याला सर्टिफिकेट देता येत नाही, हा या धंद्याचा पाया आहे. आयएसओ स्वतः तर कुणालाच सर्टिफिकेट देत नाही. पण माझ्या एकोणीस गिऱ्हाइकांपैकी अकरा गेले. मी सर्टिफिकेटआधीच्या ऑडिटची स्टेज वन, स्टेज टू समजावत बसलो की मालक म्हणायचे, "कागद तोच ना?"

दोन महिने खोलीचं भाडं थकलं. बायकोची पाटली सोनाराकडं गेली. मोठ्या भावानं विचारलं, "परत नोकरी बघतोस का?" ते अजून बोचतं. त्या दिवसांत ॲडव्हान्स देणारे एकटे मामा. पाकीट हातात ठेवून म्हणाले, "कागद तोच आसंल, पण वाचायला आमच्या पोरांना तुमचाच येतो."

पुढच्या वर्षी एका मोठ्या कस्टमरनं आपल्या व्हेंडरांचं ऑडिट केलं. अकरांपैकी चौघांच्या सर्टिफिकेटवर एनएबीसीबी किंवा सर्टिफिकेट देणाऱ्या बॉडीला मान्यता देणाऱ्या तशा कुठल्याही संस्थेचं चिन्ह नव्हतं. ते चौघं परत आले. बाकीच्या सातांच्या भिंतीवर ती फ्रेम आजही आहे, आणि कुणी काही विचारत नाही. मला राग त्याचाच येतो.

लॉकडाऊनमध्ये ऑडिट मोबाईलवर झाली, 18001 वरून 45001 वर जायची मुदत सप्टेंबर 2021 पर्यंत वाढली. नंतर काम चालू आहे, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

नव्यानं करणाऱ्यांना एक सांगतो, विचारलं नसलं तरी. जालन्याच्या रोलिंग मिलचा फॉरमॅट पेंट शॉपला चिकटवू नका. मी स्वतः एकदा चिकटवलाय. पावडर कोटिंगच्या युनिटमध्ये ऑडिटरनं वाचून दाखवलं, 'भट्टीतून बिलेट काढताना', म्हणजे रोलिंग मिलमधले तापलेले पोलादी ठोकळे. सगळे हसले, मालक सोडून. आणि वापरलेल्या ऑइलचा हिशेब रोज लिहा. 30 जूनला प्रदूषण मंडळाचा फॉर्म-4 भरताना पिंप आठवत बसू नका.

2024 च्या फेब्रुवारीत या तिन्ही स्टँडर्डमध्ये हवामान बदलाची भर पडली. तुमच्या धंद्याशी त्याचा संबंध आहे का, ते ठरवा. बऱ्याच जणांनी 'संबंध नाही' लिहून टाकलं. मीही मामांच्या कागदावर तसंच टाइप करून नेलं. मामांनी चष्मा लावला, ती ओळ पेनानं खोडली आणि बाजूला लिहिलं : मे महिन्यात टँकरचं पाणी जड, कूलंट (मशिन थंड ठेवायचं पाणी) लवकर नासतं, वास येतो, पोरांच्या हाताला खाज.

मी तो कागद तसाच, खाडाखोडीसकट, लॅमिनेट करून मशिनला लावला.